कोल्हा खुळखुळा नेत नाही

कॉरिंथच्या पश्चिमेला, तटाला चिकटून कुंभारांची वस्ती होती. घागरी घडवणारे एका अंगाला, कौलं थापणारे दुसऱ्या अंगाला, आणि सगळ्यांच्या टोकाला, जिथून पुढे जमीन एकदम खाली उतरते, तिथे सिमोसचं घर. सिमोस खेळणी करायचा. बाहुल्या, चाकांचे घोडे, भोवरे, डुकराच्या नि कासवाच्या आकाराचे खुळखुळे. साचे त्याच्या हातचे. साच्यातून निघालेल्या बाहुलीला हातपाय लावायचं काम मात्र त्याच्या बायकोचं, मेलित्ताचं.

मेलित्ता लग्न होऊन आली तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि तिला मातीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्या महिन्यात तिने ओवलेल्या बाहुल्यांचे पाय उलटे लागायचे. सिमोस एकेक हातात घेऊन म्हणायचा, "ही बघ, ही माहेरी निघाली." ती चिडायची, आणि चिडत चिडत शिकली. पुढे तर तिच्या बाहुल्या अशा नाचायच्या, की डोक्यातली दोरी धरून नुसती हलवली तरी गुडघे वाकायचे. गावातल्या मुली दुकानात येऊन विचारायच्या, "हिला मावशीने बांधलंय की काकांनी?" काकांनी बांधलेली कुणाला नको असायची.

इकडच्या बोलीत लेकराला ‘पैस’ म्हणतात आणि खेळाला ‘पैदिआ’. लेकराच्याच शब्दातून खेळाचा शब्द निघालाय. पण म्हातारे झाडाखाली सोंगट्या मांडून बसतात, त्यालाही पैदिआ म्हणतात, आणि दारूच्या बैठकीत फासे टाकतात तीही पैदिआच. मेलित्ताला ते पटायचं नाही. शेजारच्या मिक्काचा नवरा फाशांत दिवस घालवायचा. त्याने एकदा "जरा पैदिआ करून येतो" म्हटलं, तेव्हा मेलित्ताने भिंतीपलीकडून हाक मारून सुनावलं होतं, "दाढी पोटापर्यंत आली, आता कसली पैदिआ? लेकरू करतं ती पैदिआ. तू करतोस त्याला वेळ मारणं म्हणतात!"

मिक्का पोट धरून हसली होती. मिक्का कौलं थापणाऱ्याची बायको. तोंडाने फटकळ, पण मनाने लोण्यासारखी. मेलित्ताची पहिली मुलगी तिमो झाली, तेव्हा नाळ कापायला तीच होती.

तिमो पाच वर्षांची असताना मेलित्ताला पुन्हा दिवस गेले. सिमोसला मुलगा हवा होता. त्यात काही नवल नाही, सगळ्यांनाच हवा असतो. साचे कुणाच्या तरी हाती द्यायला हवेत. मेलित्ताने बाळ व्हायच्या आधीच त्याच्यासाठी एक खुळखुळा केला. साच्यात न घालता हातानेच केलं ते डुक्कर. पोटात पाच खडे. एक कान नीट उभा राहिला आणि दुसरा वाळवताना कलंडून डोळ्यावर आला. तिने तो तसाच ठेवला. भट्टीतून निघाल्यावर त्या डुकराच्या तोंडावर असा भाव आला होता, जणू कुणी काही विचारलंय आणि त्याला नीट ऐकू आलेलं नाही. तिमो तर ते बघून लोळायची.

ऐन थंडीत बाळ झालं. मुलगी.

सिमोसने बाळाकडे पाहिलंच नाही. उंबऱ्यात उभा राहून त्याने मिक्काला विचारलं, आणि ऐकून तसाच मागे फिरला. त्याच्या घरात चार बहिणी होत्या. चौघींना उजवता उजवता त्याचा बाप कसा खंगून मेला ते त्याने डोळ्यांनी बघितलं होतं. पाचव्या दिवशी बाप बाळाला उचलून चुलीभोवती फिरवतो, मग ते बाळ घरचं होतं. तोवर ते कुणाचंच नसतं. कायदा तसाच आहे आणि रीतही तशीच.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो रुंद तोंडाचं एक मडकं घेऊन आत आला. मेलित्ताने मडकं पाहिलं आणि बाळाला छातीशी धरलं.

"नाही," ती म्हणाली.

"मेलित्ता, ऐक."

"नाही म्हटलं ना."

"तेनेआच्या वाटेवर, झऱ्यापाशी ठेवतो. दिवसभर शेरडं पाण्याला येतात तिथे. माणसांची वर्दळ असते. कुणी ना कुणी उचलेलच." त्याने मडकं पुढे केलं. "ज्यांना पोर नाही ते नेतात. आपल्याच राजाच्या घरात नाही का वाढला तो, धनगराने आणलेला, पाय सुजलेला पोर?"

"आणि शेवट काय झाला त्याचा? हाताने बाप मारला, मग स्वतःचे डोळे फोडून घेतले," मेलित्ता म्हणाली.

सिमोसने मडकं खाली ठेवलं नाही. तो तसाच उभा राहिला. शेवटी मेलित्ता रडली, ओरडली, मिक्काचं नाव घेऊन तिने हाका मारल्या. मिक्का आली आणि दारात डोक्याला हात लावून बसली. नवऱ्याच्या हक्काच्या गोष्टीत शेजारीण काय करणार? मेलित्ताने बाळाला पोटभर पाजलं. ते दूध पितापिताच झोपलं. तिने त्याला लोकरीत गुंडाळलं, मडक्यात ठेवलं आणि त्याच्या हाताशी ते वाकड्या कानाचं डुक्कर ठेवलं. का ठेवलं, हे तिला तेव्हा सांगता आलं नसतं. रडलं तर वाजवेल म्हणून? इतकंसं लेकरू काय वाजवणार!

तीन दिवस मेलित्ताने अन्नाला हात लावला नाही. छाती दुधाने दगडासारखी झाली होती. मिक्काने कोबीची पानं आणून बांधली. चौथ्या दिवशी सिमोस माती आणायला गेला, तशी मेलित्ता उठली आणि भिंतीला धरून धरून बाहेर पडली. मिक्का मागून धावली. "अगं ए येडे, ओली बाळंतीण तू, मरशील की!" पण अडवता येईना, म्हणून तीही बरोबर निघाली.

झऱ्यापाशी मडकं होतं. रिकामं. मिक्काने तोंड फिरवलं. रानात कोल्हे होते, कुत्री होती, आणखी कशाला विचारायचं? पण मेलित्ता मडक्यात हात घालून चाचपत होती. मग तिने आजूबाजूचं गवत चाचपलं, दगड उलटे केले. आणि मग ती हसायला लागली.

"मिक्का, खुळखुळा नाहीये!"

"बरं मग?"

"कोल्हा खुळखुळा नेतो का गं? सांग ना! कोल्हा खुळखुळा नेत नाही!"

मिक्का बघतच राहिली. खरंच होतं की! जनावर डुक्कर कशाला नेईल, तेही मातीचं? ते माणसानेच नेलं असणार. आणि मडक्यातलं लेकरू सोडून नुसता खुळखुळा कोण नेईल? दोघी त्या झऱ्याकाठी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. घरी आल्यावर मेलित्ताने जवाची भाकरी खाल्ली, वर मूठभर अंजिरं खाल्ली, आणि सिमोस आल्यावर त्याला सगळं सांगितलं. त्याच्याशी ती चार दिवसांत पहिल्यांदाच बोलत होती.

सिमोस ऐकत राहिला. मग म्हणाला, "हं. कुणीतरी नेली असेल." आणि हात धुवायला बाहेर गेला. बराच वेळ धूत होता.

त्यानंतरची चौदा वर्षं मेलित्ता त्या एका वाक्यावर जगली.

बाहेरून पाहणाऱ्याला काही कळलं नसतं. ती काम करायची, भांडायची, सणाला नाचायची. तिला पुन्हा मूल झालं नाही. मुलगा हवा होता त्या घरात मुलगाही आला नाही. पण दुकानात मुलगी आली की मेलित्ता आधी तिचं वय मोजायची. दोन वर्षांची? मग आपलीही आता चालत असेल, तिला चाकांचा घोडा हवा. चार वर्षांची? आता बाहुली. सातव्या वर्षी हाडांचे सागरगोटे, कारण सातव्या वर्षी मुलींचे हात झेलण्याइतके मोठे होतात. त्या त्या वयाच्या मुलीला ती उगाचच जास्त वेळ थांबवायची. "तुझं गाव कुठलं गं? तेनेआकडचं का? लहानपणी तुझ्याकडे डुक्कर होतं?" मुली म्हणायच्या, "मावशी, डुकरं तर दहा आहेत आमच्याकडे, वास मारतात!" आणि ती हसायची.

एकदा देवळातल्या मिरवणुकीत तिने एका अनोळखी मुलीची हनुवटी धरून तोंड वर केलं. मुलीच्या आईने तिचा हात झिडकारला. त्या दिवशी मिक्का तिला म्हणाली, "पुरे झालं मेलित्ता. देवांची पैदिआ आहे ही सगळी. आपल्याला कळायची नाही."

"देवांना खेळायचं असेल तर त्यांनी आपल्या लेकरांशी खेळावं," मेलित्ता म्हणाली. "माझं कशाला घ्यायचं?"

तिमो पंधराची झाली आणि सिक्योनच्या एका चांभाराच्या मुलाशी तिचं ठरलं. लग्नाआधी मुलीने आपली खेळणी आर्तेमिस देवीला वाहायची असतात. आजवर तू सांभाळलंस, हे घे तुझं तुला परत, म्हणायचं आणि बाईमाणसांत यायचं. डोंगराच्या पायथ्याशी देवीचं लहानसं देऊळ होतं. कोनाड्यांतून, खुंट्यांवरून, जिथे जागा मिळेल तिथे बाहुल्या टांगलेल्या, चेंडू, डफल्या, केसांची जाळी. त्यांतल्या कितीतरी बाहुल्या मेलित्ताच्या हातच्या. तिमोने आपली बाहुली टांगली, हुंदका दिला, आणि लगेच विचारलं, "आई, मधाची पोळी आता खायची की घरी गेल्यावर?" मेलित्ता तिच्याकडे पाहत नव्हती. ती भिंतीवरच्या खेळण्यांकडे पाहत होती. जगातली प्रत्येक मुलगी एक दिवस या भिंतीपाशी येते. निदान इथल्या आठ-दहा गावांतली तरी.

त्या वर्षापासून लग्नसराई आली की मेलित्ता देवळात जाऊ लागली. देवळातल्या म्हाताऱ्या पुजारणीला तिने सांगितलं, वाहिलेल्या बाहुल्यांच्या दोऱ्या कुजतात, मी फुकट बदलून देते. पुजारणीला काय, बरंच झालं. मेलित्ता सकाळी यायची, पायरीवर बसून दोऱ्या ओवायची आणि येणाऱ्या प्रत्येक मुलीच्या टोपलीत डोकावायची. सिमोसला तिने कारण सांगितलं नव्हतं आणि सिमोसने विचारलंही नव्हतं. तो तिला शिदोरी बांधून द्यायचा, चीज आणि जैतुनं, इतकंच.

झऱ्यावरच्या त्या दिवसाला चौदा वर्षं झाली, आणि लग्नाच्या महिन्यात, स्वच्छ उन्हाच्या एका सकाळी, एक उंच सावळी मुलगी आईबरोबर देवळाच्या पायऱ्या चढून आली. मुलीचं नाव निको, आईचं फानो. दोघी तेनेआच्या. निकोच्या टोपलीत एक चेंडू होता, एक बाहुली होती जिचा एक हात लोंबत होता, आणि बाहुलीखाली वाकड्या कानाचं डुक्कर होतं.

मेलित्ताच्या हातातली सुई खाली पडली.

चौदा वर्षं तिने या घटकेची तालीम केली होती. काय म्हणायचं, कसं म्हणायचं, आधी पोरीला जवळ घ्यायचं की आधी देवीला हात जोडायचे. त्यातलं काही झालं नाही. तिने फक्त निकोकडे पाहिलं. उंची बापासारखी? सिमोस तर बुटका. नाक? नाक कुणाचंच नाही. पण असं होतंच की, पोरी आजीवर जातात.

"हा खुळखुळा तुझा?" तिने विचारलं.

"हो, मावशी." निकोने डुक्कर हलवून दाखवलं. खडे खळखळले. "लहानपणी मी याच्याशिवाय जेवायचे नाही म्हणे. याला ऐकू कमी येतं, म्हणून मी मोठ्याने बोलायचे. हो ना गं आई?"

फानो हसली. रुंद हाडापेराची बाई, चुलीच्या धुराने डोळ्यांच्या कडा लाल झालेल्या. आणि हसताना तिचे नि निकोचे पुढचे दोन दात अगदी सारखेच एकमेकांवर चढलेले होते. मेलित्ताने ते पाहिलं.

"कुठून घेतलात हा?" तिने फानोला विचारलं. "मी खेळणी करते, म्हणून विचारते."

"घेतला नाही. हिच्या बापाला सापडला होता. लाकूडफाटा आणताना, झऱ्यापाशी."

"नुसता खुळखुळाच?"

फानोचं हसू विझलं. तिने निकोला म्हटलं, "जा, तू आत जाऊन पुजारणीला विचार, कुठे टांगायचं ते." निको टोपली घेऊन आत गेली.

दोघी बायका पायरीवर राहिल्या. फानो मेलित्ताच्या हातांकडे बघत होती. मातीत मुरलेले, नखांत पांढरा लेप बसलेले हात. तिला कुणी काही सांगावं लागलं नाही.

"तुम्हीच का?" ती अगदी हळू म्हणाली.

मेलित्ताने मान डोलावली.

"बाई, मी खोटं बोलत नाही, देवीच्या दारात उभी आहे." फानो म्हणाली. "मडकं होतं. त्यात लेकरू होतं. श्वास चालू होता. दुपारची वेळ होती. माझे दिवस भरत आले होते, आज होईल की उद्या असं. हिचा बाप खुळखुळा घेऊन घरी आला आणि मला विचारलं, त्या पोरीला आणू का? तुला दूध येईलच, दोघी वाढतील. आणि मी..." तिने पदर तोंडात कोंबला. "मी नको म्हणाले. पहिलटकरीण होते. सासू म्हणाली, आपलं यायच्या आधी परक्याचं आत घेतलं तर आपलं जगत नाही. मला भीती वाटली हो. मी नको म्हणाले. त्याच रात्री निको झाली."

"मग?"

"मग तो दोन दिवसांनी परत गेला होता बघायला. मडकं रिकामं होतं. कुणीतरी नेली असेल, असं आम्ही म्हटलं. अजूनही म्हणतो."

कुणीतरी नेली असेल. हेच वाक्य तेनेआच्या त्या घरातही चौदा वर्षं नांदत होतं. खुळखुळा गेला म्हणजे लेकरू गेलं, हा मेलित्ताचा सगळा हिशेब. आणि खुळखुळा एकटाच गेला होता.

आतून निको आली. "आई, पुजारीण म्हणते बाहुली अशी लुळी टांगू नका, आधी हात बांधून आणा. आणि तू रडतेस कशाला? मी मरायला चाललेय का? लग्न करायला चाललेय ना?" मग तिने मेलित्ताकडे पाहिलं. "मावशी, तुम्ही पण?"

"लग्नात रडावंच लागतं," मेलित्ता म्हणाली. "आण इकडे ती बाहुली."

बाहुली तिच्याच हातची निघाली. दहा वर्षांपूर्वीची असेल, खांद्याची दोरी कुजलेली. मेलित्ताने सुई उचलली, दोरा ओवला, हात खांद्याला बसवला, गाठ मारून दाताने तोडला. बाहुली हलवून पाहिली. हात वर झाला, खाली आला. तिने ती निकोच्या हातात दिली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि म्हणाली, "सुखी राहा, पोरी." फानो तिच्या पाया पडायला वाकली, तशी मेलित्ता बाजूला सरकली. शाप द्यायचं तिला सुचलं नाही. माफ करणंही तिला जमलं नाही.

ती घरी आली तेव्हा दुपार कलली होती. सिमोस अंगणात उन्हाला बसून साचा खरवडत होता. आता त्याचे केस पांढरे झाले होते, आणि डोळे अधू झाल्यामुळे तो साचा नाकाजवळ धरायचा.

"आज लवकर आलीस," तो म्हणाला.

"खुळखुळा सापडला."

त्याने साचा मांडीवर ठेवला. मेलित्ता उभ्याउभ्या सांगत गेली. निको, फानो, लाकूडतोड्या, झरा. सांगून झाल्यावर म्हणाली, "तर त्यांनी नुसता खुळखुळा नेला, सिमोस. पोर नाही नेली. पण त्यानंतर कुणी नेली असेल ना? संध्याकाळी शेरडं येतात. तूच म्हणाला होतास, वर्दळ असते. कुणी नेली असेल ना?"

सिमोसने मांडीवरच्या साच्यावरून हात फिरवला.

"नुसतं हो म्हण की रे!"

"मी गेलो होतो परत," तो म्हणाला.

मेलित्ताला आधी कळलंच नाही. "कधी?"

"त्याच दिवशी. ऊन उतरल्यावर. तू आत भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. मला काम सुचेना. म्हटलं, जाऊ दे, खंगलो तर खंगलो, घेऊन येतो. पळत गेलो, मेलित्ता. आयुष्यात असा कधी पळालो नव्हतो." त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवले होते आणि तो त्यांच्याकडे बघत बोलत होता. "गार पडली होती. त्या दिवशी वारा सुटला होता ना डोंगरावरून. अंगावरची कांबळ काढून तिला गुंडाळलं आणि तिथेच वरच्या अंगाला पुरलं. पुढे एकदा तू विचारलंस, कांबळ कुठे? मी म्हणालो, भट्टीत जळाली."

अंगणात कोंबडी दाणे टिपत होती. मिक्काच्या घरातून कौलं रचल्याचा खट् खट् आवाज येत होता.

"चौदा वर्षं," मेलित्ता म्हणाली.

"सांगणारच होतो. शपथ घेतो. चौथ्या दिवशी माती घेऊन आलो, मनाशी ठरवूनच आलो होतो. आणि तू दारात उभी. तोंडाला अंजीर लागलेलं. हसत होतीस. म्हणालीस, कोल्हा खुळखुळा नेत नाही." सिमोसने तळव्याने तोंड पुसलं. "खुळखुळा कुणी नेला मलाही ठाऊक नव्हतं. पण तू जेवली होतीस. मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? म्हटलं, उद्या सांगू. मग म्हटलं, अंगात जरा ताकद येऊ दे. मग तू चाकांचा घोडा केलास, ती आता दोन वर्षांची असेल म्हणून. मग तर..."

"रोज शिदोरी बांधून देत होतास," ती म्हणाली. "देवळात मी काय शोधत बसते ते तुला ठाऊक होतं, आणि तू शिदोरी बांधून देत होतास."

"दुसरं काय देणार होतो मी तुला?"

तेव्हा मेलित्ताने ते सांगितलं, जे तिने मघाशी मुद्दाम गाळलं होतं. "दुपारी ती जिवंत होती. श्वास चालू होता. त्या बाईने सांगितलं. तू दुपारी गेला असतास तर मिळाली असती."

सिमोस बसल्या जागी पुढे पुढे वाकत गेला, कपाळ गुडघ्याला टेकेपर्यंत. मांडीवरचा साचा घरंगळला आणि दगडावर पडून फुटला. मेलित्ता त्याच्याकडे बघत राहिली. आपण हे का सांगितलं, हे तिला कळत होतं, आणि सांगून काही हलकं झालं नाही, हेही कळत होतं. बऱ्याच वेळाने ती खाली बसली. त्याला हात लावला नाही, पण उठूनही गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं तेनेआच्या वाटेला लागली. सिमोस पुढे, मेलित्ता मागे. झऱ्याच्या वरच्या अंगाला एक रानटी नाशपातीचं झाड होतं. त्याच्या बुंध्याशी तीन दगड एकावर एक ठेवलेले होते. आजूबाजूचं गवत उपटलेलं होतं, आणि ते काही चौदा वर्षांपूर्वीचं नव्हे. सिमोस इथे येत होता. माती आणायला म्हणून जायचा तेव्हा.

त्यांनी बरोबर आणलेलं दूध आणि मध तिथे ओतलं. मेलित्ताने दगडांवर हात ठेवला. दगड उन्हाने तापायला लागले होते.

"नाव ठेवलं नाही आपण तिचं," सिमोस म्हणाला. "दहाव्या दिवशी ठेवतात. ती तीनच दिवसांची."

"मी ठेवलं होतं," मेलित्ता म्हणाली.

"कधी?"

"पहिल्याच दिवशी. पाजताना."

तो वाट बघत राहिला. शेरडांचा एक कळप खाली पाण्याला आला, पिऊन गेला. मेलित्ता उठली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "चल. ऊन वाढेल."

त्यानंतर सिमोस तीन वर्षं जगला. ती दोघं एका अंगणात काम करत राहिली. तो साचे करायचा, ती हातपाय ओवायची. गावातल्या मुली यायच्या, निवडून तिच्याच हातची न्यायच्या. मेलित्ता आता कुणाचं वय विचारत नसे. बाहुली द्यायची, पैसे घ्यायचे, झालं. देवळात ती पुन्हा गेली नाही. पुजारणीने दोनदा निरोप पाठवला, दोऱ्या कुजल्यात म्हणून. मिक्काने दोन्ही वेळा सांगितलं, तिचे डोळे गेलेत आता. ते खोटं होतं.

सिमोसने तिला नाव विचारलं, एकंदर तीनदा. एकदा तिमोला मुलगी झाल्याचा निरोप सिक्योनहून आला तेव्हा, नव्या बाळासाठी नावं चालली होती त्या बोलण्यात, सहज विचारल्यासारखं. एकदा भांडणात, ओरडून. आणि शेवटचं, तापाने अंथरुणाला खिळल्यावर, सकाळी ती त्याला पाणी पाजत होती तेव्हा. "आता भेटेल ती मला," तो म्हणाला. "हाक काय मारू?"

मेलित्ताने त्याची हनुवटी पुसली. तिच्या मनात होतं सांगावं. ओठांपर्यंत आलंही होतं, असं ती पुढे मिक्काला म्हणाली. पण ते नाव चौदा वर्षं तिने एकटीने हाकारलं होतं, दुकानात, मिरवणुकीत, देवळाच्या पायरीवर, मनातल्या मनात. आणि तेवढा सगळा वेळ हा शेजारी बसून ऐकत होता, ओ येणार नाही हे ठाऊक असताना.

"पी," ती म्हणाली. "आधी पाणी पी."

मिक्कालाही तिने ते कधी सांगितलं नाही.